रस्त्याच्या मधोमध सरहद्द होती

२८ मे २०२३ रोजी मध्यभारताच्या स्थापनेला पंचाहत्तर वर्षे झाली. देवासच्या हमरस्त्यावरून जाणारी दोन राज्यांची सरहद्द त्याच दिवशी पुसली गेली होती, म्हणजे त्या घटनेलाही पंचाहत्तर वर्षे झाली. माझ्या माहितीत त्या दिवशी कुठे चार माणसे जमली नाहीत, कुणी दोन शब्द बोलले नाही. आदल्या वर्षी मध्यप्रदेशात गावोगाव ‘गौरव दिवस’ साजरे करायचे ठरले, तेव्हा एका बैठकीत मी हीच तारीख सुचवली होती. ‘त्या दिवशी काय झालं होतं?’ असे चांगल्या जाणत्या माणसांनी मला विचारले. तेही मी गिळले. पण गेल्या गणेशोत्सवात आमच्या ओळखीतल्या एका मंडळाची दोन मंडळे झाली. मिरवणुकीच्या वाटेवरून हमरीतुमरी झाली आणि शेवटी ‘रस्त्याची ही बाजू तुमची, ती आमची’ अशी तोड निघाली. ते ऐकल्यापासून माझ्या मनाला स्वस्थता नाही. ज्या मुलखाने रस्त्याच्या दोन बाजू एक करायला दोन पिढ्या खर्ची घातल्या, तिथे ही भाषा पुन्हा ऐकू यावी?

नव्या वाचकांसाठी थोडे मागे जायला हवे. थोरल्या बाजीरावाबरोबर माळव्यात उतरलेल्या पवारांपैकी तुकोजी आणि जिवाजी या दोघा भावांना देवास मिळाले. धारही पवारांचेच, पण ती गादी वेगळी आणि एकसंध. देवासात मात्र दोघा भावांच्या दोन गाद्या झाल्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. पुढच्या पिढ्यांत वाटणी इतकी खोल गेली की नुसते परगणेच काय, गावे आणि शेतेही वाटली गेली. इंग्रजांनी दोघांनाही पंधरा तोफांचा मान दिला, म्हणजे मानातही कुणी कुणाला हार जाणार नाही याची तजवीज झाली. राजधानीचे गाव एकच, राजवाडे दोन, दरबार दोन, फौजा दोन, पाणीपुरवठाही दोन, आणि सरहद्द मुख्य रस्त्यावरून. गावाच्या डोक्यावर माता टेकडी आहे. तिच्यावर तुळजाभवानी आणि चामुंडा, लोकांच्या तोंडी मोठी माता आणि छोटी माता. टेकडीचीही वाटणी झाली होती. यात्रेकरूंनी मात्र ती कधी मानली नाही. एकीचे दर्शन घेऊन दुसरीकडे पाठ फिरवणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही.

ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार १९२१ साली थोरल्या पातीच्या तेव्हाच्या राजांचा, तुकोजीरावांचा, खासगी चिटणीस होता. त्याने पुढे, १९५३ मध्ये, ‘द हिल ऑफ देवी’ हे पुस्तक लिहिले. त्याचा तुकोजीरावांवर जीव होता, हे पानोपानी कळते. पण दोन राज्यांच्या या गावाकडे त्याने गमतीचा विषय म्हणून पाहिले, आणि तेव्हापासून जो तो पाहुणा तीच गंमत शोधत येतो. दोन राजवाड्यांपुढे संध्याकाळी दोन बँड वेगवेगळ्या चाली वाजवत, हे वाचून हसू येते, कबूल. पण त्या दोन बँडांच्या मधल्या रस्त्यावर ज्यांचे संसार होते त्यांच्याबद्दल त्या पुस्तकात फारसे काही नाही, आणि हा माझा त्या पुस्तकावरचा जुना राग आहे.

माझ्या घरातून ती सरहद्द गेली होती. आजोबा थोरल्या पातीच्या खजिन्यात कारकून, आजी धाकट्या पातीतली लेक. तिचे माहेर म्हणजे रस्ता ओलांडून चार घरे. ती ‘माहेरी जाऊन येते’ असे कधी म्हणत नसे. ‘धाकट्या पातीत जाऊन येते’ म्हणे. संस्थाने खालसा होऊन तीस-पस्तीस वर्षे लोटली तरी तिचा हा शब्द सुटला नाही. मूल आजारी पडले, सण आला, कुणाकडे काही खुट्ट झाले की तिला तो रस्ता ओलांडायचा असे, आणि दर वेळी ती पदर नीट करून, पायात चपला घालून, परगावी निघाल्यासारखी निघे.

इंग्रजी अमदानीतली ती शंभर-सव्वाशे वर्षे मी सोडून देतो. दत्तकांचे वाद, कर्जे, रेसिडेंटचे खलिते यांत मला गोडी नाही. तुकोजीराव कर्जात बुडून पाँडिचेरीला निघून गेले आणि १९३७ मध्ये तिथेच वारले. त्यांचे चिरंजीव विक्रमसिंहराव १९४७ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर शहाजी छत्रपती म्हणून दत्तक गेले. एवढे सांगून पुढे जातो. एप्रिल १९४८ मध्ये ग्वाल्हेर, इंदूर, धार, रतलाम, जावरा, झाबुआ, बडवानी आणि देवासच्या दोन्ही पाती अशा सगळ्यांच्या सह्या झाल्या आणि २८ मे रोजी ग्वाल्हेरला जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते मध्यभारताचे उद्घाटन झाले. देवासात ना भिंत पडली, ना दरवाजा उघडला. दोन कचेऱ्यांची दप्तरे एका कचेरीत आली. आजोबा सांगत, पहिले कित्येक महिने त्या एका खोलीत दोन बिछायती असत. थोरल्या पातीचे कारकून खिडकीकडच्या, धाकट्या पातीचे दाराकडच्या. पाण्याचे माठही दोन. सरहद्द कागदावरून गेली होती, बिछायतींवरून गेली नव्हती.

ती पुढे कशी गेली, हे मला खरे सांगायचे आहे.

योगायोग असा की त्याच १९४८ साली एक आजारी तरुण गवई देवासला राहायला आला. बेळगावजवळच्या सुळेभावीचा, कानडी घरातला, मुंबईला प्रोफेसर देवधरांकडे शिकलेला. क्षयाने फुप्फुस खाल्लेले, डॉक्टरांनी गाणे बंद केलेले, कोरडी हवा मानवेल म्हणून इथे आणलेला. भानुमतीबाई त्यांची शुश्रूषा करत आणि शाळेत शिकवून घर चालवत. कुमार गंधर्व अंथरुणावर पडून राहिले आणि माळवा त्यांच्या कानांवर पडत राहिला. टेकडीवर जाणाऱ्या बायकांची गाणी, भिक्षेकऱ्यांची भजने, बाळंतपणाची, लग्नाची, पावसाची गाणी. मग औषधे आली, १९५३ च्या सुमारास ते पुन्हा गाऊ लागले, आणि त्या गाण्यात माळव्याच्या धुना रागरूप घेऊन आल्या. नाथपंथी जोग्यांच्या तोंडून ऐकलेला निर्गुणी कबीर आला. पुढे तुकाराम आला. ज्यांचे शिक्षण आणि सुरुवातीची नोकरी देवासात झाली त्या भा. रा. तांब्यांच्या कविता आल्या. गावात आधीपासून उस्ताद रजब अली खाँ होतेच, दरबारी जमान्यातले, १९५९ पर्यंत हयात. थोरल्या पातीचा श्रोता आणि धाकट्या पातीचा श्रोता एकाच सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसला तो पहिल्यांदा गाण्याला, असे आजोबा सांगत, आणि ते मला पटते.

साठ आणि सत्तरची दशके भराभर उलटतो. १९५६ मध्येच मध्यभारतही संपला होता, राजधानी भोपाळला गेली होती. देवासात कारखाने आले, नोटांचा छापखाना आला, गावाबाहेर कामगारांच्या वसाहती उठल्या. देवास जिल्ह्यातल्या आमच्या हाटपिपल्याचे कैलास जोशी १९७७ मध्ये मुख्यमंत्री झाले, तेव्हा गावात साखर वाटली गेली. माझे वडील मास्तर म्हणून हाटपिपल्याला आले ते इथलेच झाले. बाकी तो काळ राजकारण्यांनी भरपूर लिहून ठेवला आहे.

माझे दशक ऐंशीचे. १९८२ पासून १९९२ पर्यंतची वर्षे मी काही केल्या विसरणार नाही.

सोयाबीनने माळव्याचे शेत नुकतेच बदलायला घेतले होते, हातात थोडा पैसा खुळखुळू लागला होता, आणि तो घरे बांधण्याआधी सणांत खर्च होत होता. हाटपिपल्यात मराठी घरे मोजकी. गणपती आमच्याकडे बसे, पण आरतीला शेजारचे पाटीदार, जैन, खाती, सगळे. गणपतीतच डोल ग्यारस येते, भाद्रपद शुद्ध एकादशी. त्या दिवशी गावोगाव देवांचे डोल निघतात, पण हाटपिपल्याचे वैशिष्ट्य वेगळे. इथल्या नृसिंह मंदिरातली साडेसात किलोची दगडी मूर्ती वाजतगाजत भमोरी नदीवर नेतात आणि पाण्यावर सोडतात. मूर्ती तरंगते. असे तीनदा करतात, आणि ती किती वेळा तरंगली त्यावरून वर्ष कसे जाईल ते सांगतात. मी ते काठावरून पाहिले आहे. पुजारी कमरेएवढ्या पाण्यात उभे असत, मूर्ती दोन्ही तळव्यांवर. मंत्र होत, हात खाली जात, आणि हजारो माणसांचा श्वास अडके. मग तो काळा दगड पाण्यावर डुलत पुढे सरके आणि काठावरून जो जयजयकार उठे त्यात मराठी कोण, माळवी कोण, काही कळत नसे. शास्त्र काय म्हणते हा प्रश्न मी बाजूला ठेवतो. त्या काठावर उभे राहायला कुणाला कुणाची परवानगी लागत नव्हती, हे मी पाहिले आहे.

गणपती गेले की पितृपक्ष. महाराष्ट्रातून आलेल्या सुनांना तो सुनासुना वाटे, कारण घरात सण नाही. पण माळव्यातल्या पोरींचा तोच सण. भिंतीवर रोज संध्याकाळी शेणाची संजा मांडायची, चंद्र, सूर्य, फुले, पंखे असे रोज नवे आकार. त्यांवर गुलबासाच्या, तेरड्याच्या पाकळ्या चिकटवायच्या आणि गाणी म्हणायची. शेवटच्या दिवशी भलामोठा किलाकोट. माझ्या बहिणी शेजारच्या पोरींबरोबर संजा मांडत. मग घट बसले की त्याच शेजारच्या पोरी आमच्या अंगणात पाटावर हत्ती काढून भोंडल्याला फेर धरत. प्रसाद झाकून आणायचा आणि ओळखायला लावायचा, हा खेळ दोन्हीकडे होता, त्यामुळे महिनाभर बायकांची डोकी त्यातच. आमच्या आईने एकदा खिरापतीला बाफल्याचे लाडू केले आणि एकाही मराठी मुलीला ते ओळखता आले नाहीत. पटेलांच्या धाकटीने पहिल्या फटक्यात ओळखले. त्यानंतर कित्येक वर्षे पटेलांची काकू भेटली की आईला विचारी, ‘जोशीणबाई, ह्या साली काय झाकून ठेवलंय?’

कॉलेजसाठी मी देवासला टेकडीच्या पायथ्याशी खोली घेतली. नवरात्रात पहाटे दोन वाजल्यापासून अनवाणी पावलांचा आवाज सुरू होई. बागली, सोनकच्छ, कन्नौदकडून चालत आलेली माणसे. कुमारजींचे ‘भानुकुल’ तिथून जवळच. संध्याकाळी फाटकाबाहेरून जाताना कधीकधी तानपुरे जुळवण्याचा आवाज येई. एक तार, थांबणे, पुन्हा तीच तार, मग जव्हारी खुलून सगळे अंगण भरल्यासारखे होई. मी सायकल उतरून हातात धरून चालत असे. आजूबाजूचा पानवाला, शिलाईवाला, कारखान्यातून सुटलेले कामगार यांतला कुणी गाण्यातला जाणकार नव्हता. पण ‘बाबा रियाजाला बसले’ हे सगळ्यांना कळे आणि रेडिओ हळू होई. इंदूरहून राहुल बारपुते, विष्णू चिंचाळकर येत. पु. ल. देशपांडे येऊन गेल्याच्या गोष्टी गाव वर्षानुवर्षे सांगे. पुण्या-मुंबईचे रसिकही येत. त्यांच्यातले काही जण आम्हाला विचारत, ‘इथे अजून मराठी बोलतात का हो?’ अडीचशे वर्षे इथे राहून आम्ही काय बोलत असू, असे त्यांना वाटत होते? आणि उलट बाजूने इथलेच काही जण आम्हाला बाहेरचे म्हणत. दोघांनाही उत्तर देण्यात मी तारुण्यातल्या बऱ्याच संध्याकाळी घालवल्या. कुमारजींचे गाणे ऐकून तरी दोघांनी गप्प बसायला हवे होते. कानडी माणूस, मराठी संगत, हिंदी कबीर, माळवी धून.

नोव्हेंबर १९८९ मध्ये बर्लिनची भिंत उघडली. दूरदर्शनच्या बातम्यांत जर्मन पोरे भिंतीवर चढून नाचताना दिसत होती. आजोबा तेव्हा नव्वदीच्या घरात, दृष्टी अधू. मी त्यांना चित्र सांगत होतो. ते म्हणाले, ‘आमच्या वेळी कुदळ लागली नाही, पण वेळ फार लागला.’ मग त्यांनी त्या दोन बिछायतींची गोष्ट पुन्हा सांगितली आणि त्या दिवशी तिचा शेवटही सांगितला, जो मी आधी ऐकला नव्हता. एका पावसाळ्यात छत गळू लागले, खिडकीकडची बिछायत भिजली, आणि थोरल्या पातीच्या कारकुनांना दाराकडे सरकावे लागले. पाऊस थांबल्यावर कुणी परत गेले नाही. जर्मन लोक आपल्या एकीकरणाचा दिवस दरसाल ३ ऑक्टोबरला सुट्टी देऊन पाळतात. आमच्याकडे त्या कचेरीच्या भिंतीवर एक पाटी असावी, एवढेही कुणाला सुचले नाही.

दशक सरता सरता दोन गोष्टी घडल्या. १९९० च्या उन्हाळ्यात देवासचे पाणी आटले आणि इंदूरहून रेल्वेने टँकर भरून आणावे लागले. दोन संस्थानांचे दोन पाणीपुरवठे असलेले गाव, आणि स्टेशनवर बादल्या घेऊन एका रांगेत उभे! हाल झाले, पण त्या रांगेत भांडणापेक्षा ओळखी जास्त झाल्या. दुसरी गोष्ट आनंदाची. ‘एकलव्य’ संस्थेच्या देवासच्या कार्यालयात कबीर भजन विचार मंच सुरू झाला. आसपासच्या खेड्यांतल्या भजनी मंडळ्या, बहुतेक दलित वस्त्यांमधल्या, महिन्यातून एकदा तिथे जमत. रात्रभर भजने, आणि भजनांच्या मध्ये चर्चा. कबीर जातीबद्दल काय म्हणतो, कर्मकांडाबद्दल काय म्हणतो, आणि आपण गातो तसे वागतो का. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा बाजूला एक शेतमजूर तंबुरा मांडीवर घेऊन बसला होता, पायात टायरच्या चपला, आणि त्याला कबीराची इतकी पदे तोंडपाठ होती की महाविद्यालयातल्या माझ्या प्राध्यापकांनी मान खाली घालावी. पुढे याच मुलखातले प्रल्हादसिंह टिपानिया आणि कालूराम बामनिया पद्मश्री झाले. सरहद्द खऱ्या अर्थाने उघडली ती अशा रात्री, असे मी मानतो. १९४८ साली दोन पाती एक झाल्या तरी गावाबाहेरच्या वस्तीची हद्द कुणी हलवली नव्हती. ती या लोकांनी स्वतः गाऊन हलवली.

१२ जानेवारी १९९२ ला कुमारजी गेले. देवासात त्या दिवशी जे आले त्यांत उस्ताद-पंडित होते, तसे टेकडीवरचे फुलवाले आणि कारखान्यातले कामगार होते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात देशात जे झाले त्याचे पडसाद माळव्यातही उमटले. ज्या गल्लीत रजब अली खाँसाहेबांचे नाव घेताना हिंदू माणूस कानाची पाळी पकडे, तिथे माणसे एकमेकांची घरे ओळखून ठेवू लागली. माझे दशक तिथे संपले.

नंतरच्या तीस वर्षांवर रेंगाळावे असे मला फारसे वाटत नाही. कबीर मंच नव्वदच्या दशकाअखेरीला थांबला. रोडवेजच्या गाड्या २००५ मध्ये बंद झाल्या आणि हाटपिपल्याहून रात्रीचे गाणे ऐकून पहाटे परतणे गरिबाला अवघड झाले. वाडे विकले गेले, मुले पुण्याला, बंगळुरूला गेली, ती माझीही गेली. संजा आता स्टिकरची मिळते, बाजारातून आणायची आणि भिंतीला चिकटवायची. ती मांडायला शेजारीण लागत नाही. खाँसाहेबांच्या नावाचा समारोह होतो, कुमारजींची जन्मशताब्दी देशभर साजरी झाली, त्यांची लेक कलापिनीताई आणि नातू भुवनेश यांनी ते गाणे मोठ्या निष्ठेने जपले आहे. पण समारोहाला माणूस तिकीट किंवा पास घेऊन येतो, गाणे ऐकतो आणि जातो. सायकल हातात धरून चालणारा पोरगा आणि रेडिओ हळू करणारा पानवाला त्यात कुठे बसतात? मिरवणुकीत डीजेच्या भिंती आल्या, त्यामुळे कोण कुठली आरती म्हणते हे ऐकूच येत नाही. आणि आता मंडळे दोन, रस्त्याच्या बाजू दोन. मला या पोरांचा राग येतो त्याहून जास्त त्यांच्या बापांचा येतो. ते माझ्याच वयाचे आहेत, माझ्याबरोबर भमोरीच्या काठावर उभे होते, त्यांना सगळे ठाऊक आहे. तोड काढणारे तेच होते.

म्हणून मी या दोन्ही मंडळांना पत्र लिहिले आहे. येत्या २८ मे रोजी संध्याकाळी देवासात, हमरस्त्याच्या जवळ जिथे जागा मिळेल तिथे, सतरंज्या अंथरायच्या. डीजे नाही, हारतुरे नाहीत, पुढारी आले तर त्यांनी खाली बसायचे. आधी माळवी बायकांची गाणी, मग कबीराच्या मंडळ्या, मग कुणी तांब्यांची कविता म्हणेल तर ती. ज्यांच्या घरी थोरल्या-धाकट्या पातीचे जुने कागद, फोटो, दप्तरे असतील त्यांनी ती पाहायला आणावीत. खेड्यांतल्या तीन भजनी मंडळ्यांनी येतो म्हणून निरोप धाडला आहे. त्यांना परतीची गाडी मी करून देतो. मंडळांपैकी एकाने होकार कळवला आहे, दुसऱ्याने विचारले आहे की सतरंज्या रस्त्याच्या कोणत्या बाजूला पडणार. त्यांना मी कळवले आहे, की ते तुम्ही दोघांनी मिळून ठरवा, मी दोन्हीकडे येऊन बसेन.